नागपूरहून निघण्याआधी पुण्यात भाड्याचे घर कसे ठरवावे?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. मेअखेरीस तुम्हाला खराडीतील कार्यालयात रुजू व्हायचे आहे, यजमान घरूनच काम करतात, मुलगी यंदा तिसरीत जाणार आहे, सासूबाई सोबत येणार आहेत आणि महिना पंचवीस हजारांपर्यंत किराया देण्याची तयारी आहे. पुण्यात नात्याचे कोणी नसल्यामुळे नागपुरात बसूनच घर पक्के करावे, टोकन, म्हणजे घर अडवून ठेवण्याची आगाऊ रक्कम, पाठवावे आणि सामानाचा ट्रक थेट त्या घराच्या दारात उभा करावा, असा तुमचा विचार आहे. टोकन आणि ट्रक एवढे दोन मुद्दे सोडले, तर बाकीचे नागपुरातून जमण्यासारखे आहे.

मी स्वतः २०१८ च्या मे महिन्यात अमरावतीहून येताना नेमके हेच केले होते, म्हणून हे लिहितो आहे. उंड्रीतील एका नव्या सोसायटीमधला फ्लॅट एजंटने मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. वीस मिनिटे तो खोल्याखोल्यांतून फिरला, बाल्कनीतून दिसणारी टेकडी दाखवली, आणि मी पाण्याचे विचारताच त्याने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून फोन धारेजवळ नेला. धार अशी होती की शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, "आपल्यापेक्षा बरं आहे की." त्याच संध्याकाळी मी एका महिन्याचे भाडे टोकन म्हणून पाठवले. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला खिडकीखाली टँकर लागला आणि त्याच्या मोटरीच्या आवाजाने घर जागे झाले. जिन्यात भेटलेल्या समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही का? इथे सगळं टँकरवर आहे. वर्गणी वेगळी द्यावी लागते." एजंटने खोटे काहीच दाखवले नव्हते. नळाला पाणी होतेच; ते कुठून येते, एवढेच मी विचारले नव्हते. "मेंटेनन्ससह भाडे" या शब्दांत टँकरची वर्गणी धरलेली नाही, हे घरमालकांनी नंतर शांतपणे समजावून सांगितले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की लांबून घर बघता येत नाही, पण घराचे पाणी, रस्ता आणि मालक या तिन्ही गोष्टी लांबूनही नीट तपासता येतात, आणि पुण्यात पस्तावण्याची वेळ येते ती बहुधा या तिन्हींमुळेच. व्हिडिओ मात्र टाइल्स आणि मॉड्युलर किचनचे येतात.

पाण्याचे आधी सांगतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. उंड्री, धायरी, लोहगाव ही पहिल्या टप्प्यातली, तर वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे ही दुसऱ्या. गाव हद्दीत आले म्हणून खडकवासला धरणाचे पाणी लगेच तिथल्या नळाला येत नाही. जलवाहिन्या आणि टाक्या व्हायला वर्षे लागतात, आणि इमारती मात्र त्याआधीच उभ्या राहून भरलेल्या असतात. म्हणून "पाणी आहे का" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी "चोवीस तास" असेच येते. महापालिकेची जोडणी आहे का, बोअरवेल आहे का, एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर लागतात आणि त्यांचे पैसे भाडेकरू देतो की मालक, असे सुटे सुटे प्रश्न विचारा, आणि तेही एजंटला नव्हे. सोसायटीच्या कार्यालयाचा किंवा सुरक्षा केबिनचा क्रमांक मागून घ्या आणि दुपारच्या निवांत वेळी वॉचमनशी पाच मिनिटे बोला. गेल्या वर्षी माझ्या मावसभावासाठी मी असाच फोन केला, तेव्हा तिकडून आधी "कोणत्या विंगला?" असा प्रतिप्रश्न आला, आणि मग कळले की त्या सोसायटीत बोअरचे पाणी फक्त ए आणि बी विंगला पुरते, सी विंगला टँकरच. भावाला दाखवलेला फ्लॅट सी विंगमधला होता.

आता रस्ता. पुण्यात घर शोधतो आहे असे म्हटले की विदर्भातला प्रत्येक नातेवाईक "कोथरूडला बघ" असा सल्ला देतो, कारण त्याच्या ओळखीचे जे कोणी पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याला गेले ते कोथरूडला राहतात. कोथरूड राहायला चांगलेच आहे, पण खराडी शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. कोथरूडजवळच्या वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे हे खरे. तरी रामवाडीला उतरून पुढे नगर रस्त्याने खराडी गाठायची असते, आणि हे रोज दोनदा करायचे असते. तुमच्यासाठी चंदननगर, वडगाव शेरी, मुंढव्याकडचे केशवनगर, हडपसरचा मगरपट्ट्याकडचा भाग आणि वाघोली एवढेच टापू विचारात घ्या. खुद्द खराडीत आयटी पार्कलगतच्या नव्या सोसायट्यांमध्ये तुमच्या रकमेत दोन बेडरूमचे घर मिळणे कठीण दिसते. चंदननगर किंवा वडगाव शेरीतील जुन्या, पंधरा-वीस फ्लॅटच्या इमारतींमध्ये ते जमू शकेल. अशा इमारतीत क्लब हाउस नसते, पण महापालिकेचे पाणी आणि पायी अंतरावर भाजी, दवाखाना, किराणा असण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि सासूबाईंच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. फक्त लिफ्ट आहे का, हे पहिल्याच फोनला विचारा. वाघोलीत त्याच पैशात मोठे घर मिळते, पण पाण्याचे वर लिहिलेले सगळे प्रश्न तिथे लागू होतात आणि नगर रस्त्यावरची सकाळ ही स्वतंत्र परीक्षा आहे. नकाशाच्या ॲपमध्ये अंतर बघू नका. मंगळवारी सकाळी साडेनऊला पोहोचायचे अशी वेळ घालून प्रवासाला किती मिनिटे दाखवतो ते बघा. आठ किलोमीटरला लागणारी मिनिटे पाहून तुमचे दोन-तीन पर्याय तिथेच गळतील.

मालकाची खातरजमा करणे लोकांना संकोचाचे वाटते, पण ज्याचे घर खरे आहे त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. महावितरणचे अलीकडचे लाइट बिल आणि घराच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीचा उतारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, एवढे मागा. बिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावरून नाव आणि थकबाकी पडताळता येते, आणि इंडेक्स टू नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. दोन्हींवरचे नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचे आधारवरचे नाव जुळले, किंवा न जुळण्याचे पटणारे कारण मिळाले, की पुढे जावे. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, किल्ली गेटवर ठेवली आहे, फक्त गेट पाससाठी पाच हजार टाका, लगेच परत मिळतील" असे सांगणारा कोणी भेटला, तर फोन ठेवून द्या. ही फसवणूक आता ठरावीक साच्याची झाली आहे. पैसे परत घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितला, तर तो पिन पैसे घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठीच लागतो हे यजमानांनाही सांगून ठेवा. चुकून पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तासाभराच्या आत तक्रार करा.

हे सगळे नागपुरात बसून केले की पंधरा-वीस जाहिरातींमधून चार-पाच घरे उरतात. ती बघायला मात्र तुमच्यापैकी एकाने यायलाच हवे. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघून शनिवार-रविवार घरे बघून सोमवारी परत, एवढे पुरते. त्यातले पसंत पडलेले घर दुसऱ्यांदा सकाळी सातच्या सुमारास बघा, कारण पाणी, पार्किंग आणि शेजार यांचे खरे रूप त्या वेळी कळते. यजमान घरून काम करणार आहेत, तर जिथे त्यांचे टेबल लागेल त्याच खोलीत दार लावून फोनवर बोलून बघा; भिंतींच्या खालच्या भागात आणि खिडकीच्या चौकटीखाली रंगाचे फुगे आले असतील, तर जुलैत तिथे ओल येणार हे धरून चाला. दाखवायला आलेला एजंट नवा रंग दिल्याचे कौतुकाने सांगू लागला, तर तो रंग कशावर दिला आहे ते विचारा.

दोन दिवसांत काही पटले नाही, तर घाईने टोकन देऊ नका. तुम्ही एकट्या पुढे या, विमाननगर किंवा खराडीत महिनाभर पीजीत राहा आणि रोज संध्याकाळी एक घर बघा. महिनाभराच्या पीजीचा खर्च नकोशा घरात अडकलेल्या डिपॉझिटपेक्षा कमीच असतो. यात एकच अडचण आहे आणि ती नागपूरकरांच्या हमखास लक्षात येत नाही: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तर पुण्यातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावरच सुरू होतात, आणि सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचे वर्ष तर एप्रिललाच सुरू झालेले असते. म्हणून मुलीच्या प्रवेशाची चौकशी घराच्या आधी करा आणि शाळा सोडल्याचा दाखला नागपुरातली शाळा सुट्टीसाठी बंद होण्यापूर्वी काढून ठेवा.

कराराविषयी दोन-तीन गोष्टी. इथे सहसा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खर्चही फार नाही: अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यात डिपॉझिटवरचे वार्षिक दहा टक्के दराचे व्याज मिळवायचे आणि त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे २२,००० रुपये भाडे आणि ६६,००० डिपॉझिट असेल, तर साधारण ६२० रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचे ठसे घेणारे मशीन घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. ते कोणी भरायचे हे आधीच बोलून घ्या. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचे आणि एजंटचे एका महिन्याचे भाडे, हा इथला रिवाज आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे मालकाचे काम असले, तरी ती पावती स्वतःकडे ठेवा, कारण सोसायटी ती तुमच्याकडेच मागते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते मालकाने भरायचे असते आणि २००१ च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तुमच्या माथी कोणी मारू लागले तर एवढे सांगा. मसुद्यात लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे आणि घर सोडताना रंगाचे किती पैसे कापले जातील, ही दोन वाक्ये शोधून वाचा. माझ्या त्या उंड्रीच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणून टँकरच्या आवाजाने जागे होत आम्ही डिसेंबरपर्यंत तिथेच काढले. तुम्ही जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेणार असाल, तर वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असल्यामुळे मालकाचा पॅन क्रमांक लागेल; तो करारातच लिहून घ्या, नंतर तो मिळवताना फार विनवण्या कराव्या लागतात.

ट्रक ठरवण्यापूर्वी सोसायटीत सामान चढवण्याची वेळ विचारून घ्या. काही ठिकाणी रविवारी परवानगी नसते, काही ठिकाणी लिफ्टसाठी वेगळे शुल्क असते, आणि रात्रभर येऊन पहाटे सहाला पोहोचलेला चालक दहापर्यंत गेटबाहेर थांबायला तयार नसतो. तुमचा तो लोखंडी, खिडकीएवढा कूलर मात्र नागपुरातच कोणाला तरी देऊन या. आम्ही आणलेला उंड्रीत घर सोडेपर्यंत बाल्कनी अडवून उभा होता, आणि त्यात पाणी भरायचे म्हटले तर तेही टँकरचेच होते.