हर्नियाचं ऑपरेशन सकाळी करून संध्याकाळी घरी सोडतात, हे खरं का? मला फार भीती वाटते. कुणी अनुभव सांगेल का?

सोडतात, पण लघवी झाल्यावर! तुम्हाला हे कुणी आधी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो.

माझं मागच्या पावसाळ्यात मिरजेत झालं. उजव्या जांघेतला हर्निया, टाके घालून आत जाळी बसवली. सकाळी 7 ला दाखल झालो. रात्रीपासून उपाशी, साडेसहानंतर पाणीही बंद. नंबर 9 चा होता, पण आधीची केस लांबली आणि मला आत घ्यायला साडेअकरा वाजले. घसा कोरडा पडलेला. सिस्टरने ओल्या कापसाने ओठ पुसले तेवढंच.

भीतीचं म्हणाल तर ती मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनची होती. टेबलाच्या कडेला बसवतात, उशी पोटाशी कवटाळायची, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ जमेल तेवढी वाकवायची. गार स्पिरिट, मग टोचल्यासारखं, बस्स. जरा वेळाने पाय ऊबदार झाले आणि मग दुसऱ्याचेच झाले. पुढचा तासभर पडद्यापलीकडे डॉक्टर कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. बासुंदीपर्यंत आले तेव्हा म्हटलं, मला पूर्णच भूल दिली असती तर बरं.

खरी परीक्षा त्यानंतर. या भुलीत पाय आधी जागे होतात, मूत्राशय मागून. दर अर्ध्या तासाने सिस्टर दारातूनच विचारणार, "काका, झाली का?" झाली नाही तर नळी घालतात, कधी रात्रभर ठेवून घेतात. 4 वाजता पाय हलले. बायकोने धरून बाथरूमला नेलं, नळ सोडून ठेवला, बाहेर उभी राहिली. काही नाही. पुन्हा 5 ला, काही नाही. पावणेसहाला झाली आणि हिने तिथूनच "झाली हो!" अशी हाळी दिली. समोरच्या कॉटवरच्या आजोबांनी सुद्धा मान डोलावली. त्या सगळ्या दिवसात मला लाज वाटली ती एवढीच.

आरोग्य विमा कॅशलेस असेल तर पॉलिसी आधी वाचा. डे-केअरला, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा ऑपरेशनला, 24 तास दाखल राहण्याची अट नसते, पण हर्नियाला बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, तोवर खर्च मिळत नाही. विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यावी असा इर्डाचा (विमा नियामकाचा) 2024 पासूनचा नियम आहे. आमची अडीच तासांनी आली. तोवर मी बिस्किटं खाऊन झोपही काढली.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि ऑपरेशननंतर दुखायला लागायची वाट न बघता दुखण्यावरची गोळी वेळेवर घ्या. मी "अजून दुखत नाही" म्हणून टाळली आणि रात्री 2 वाजता छताकडे बघत बसलो. खोकला आला की टाक्यांवर हात दाबून धरायचा, शिंकेलाही तसंच.

सोबत घाई नसलेलं माणूस न्या, आणि घरून एक उशी. रिक्षाने मिरजेहून सांगलीला येताना प्रत्येक गतिरोधकाला मी ती पोटावर दाबून धरली होती. रिक्षावाला वळून म्हणाला, "सिझर झालंय का वहिनींचं?"