दशांशाचं पाकीट आणि वेचाईचा चुकारा

पत्र: मावशी, जय ख्रिस्त. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, आठ एकर शेती आहे. मी रोज पहाटे बायबल वाचते. सोयाबीन विकल्याबरोबर दशांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा भाग, काढून पाकिटात ठेवला, उपकारस्तुतीच्या रविवारी अर्पण करणार. तरी महिनाभरापासून झोप नाही. चर्चच्या मंडळीतल्या बाया तुटक वागतात. माझ्या बाजूला बसणारी आता मागच्या सतरंजीवर बसते. कापूस घरातच आहे, भाव आला की विकू, वेचणाऱ्या बायांचे पैसेही तेव्हाच देऊ. मलाखी 3:10 वर विश्वास ठेवूनही आशीर्वाद का येत नाही? उपास धरू का?

उत्तर: ताई, उपास धरू नका. वेचाई द्या.

एवढ्या पत्रात बायांच्या पैशाला तुम्ही अर्धी ओळ दिली, तीही भावाच्या मागे दडवून. 'तेव्हाच' म्हणजे कधी? संक्रांतीला? होळीला?

मलाखी 3:10 तुम्हाला पाठ आहे, दशांश आणला तर आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओतण्याचं बायबलातलं वचन. आता त्याच अध्यायात पाच वचनं वर जा. 3:5 मध्ये प्रभू म्हणतो की मी न्याय करायला येईन, आणि कोणाकोणाविरुद्ध साक्ष देईन तेही सांगतो. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराची मजुरी दाबणारे. दशांश मागणारा अध्याय हाच, बरं का. आपण सोयीचं तेवढं अधोरेखित करतो.

अनुवाद 24:15 तर वेळही ठरवून देतं: त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोब 5:4 मध्ये शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते. आणि झोप का येत नाही, ते तुम्ही मला विचारता!

कापसाचं मला समजतं. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये, ओलावा 12 टक्क्यांवर गेला तर सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावरून गाडी परत. थांबावंसं वाटणारच, थांबा. पण भाव वाढला तर क्विंटलमागचे जास्तीचे पाचशे तुमच्याच घरात येणार ना? की बायांना किलोमागे रुपया वाढवून देणार होतात? मग तुमच्या भावासाठी त्यांनी काहून थांबायचं?

सकाळी दवात भिजलेली पऱ्हाटी, कमरेला ओटी, वाळक्या बोंडाची टोकं नखांच्या कडेत घुसतात. संध्याकाळी काट्यावर तोल झाला की वहीत किलो लिहिता तुम्ही. बाजाराच्या दिवशी चुकारा मिळेल या भरवशावर बाई दुकानातून तेल-तिखट उधार नेते. दुकानदार दर आठवड्याला तिला चारचौघांत विचारतो. मागच्या सतरंजीवर गेलेली बाई तुमच्या शेतात वेचायला होती का, हे तुम्ही लिहिलं नाही. मला विचारायची गरजही वाटत नाही.

तर कपाटातलं ते पाकीट काढा आणि फोडा. हो, दशांशाचंच. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जाऊन समेट कर, असं मत्तय 5:24 सांगतं. पाळकसाहेबांनी विचारलं तर तेच वचन दाखवा, नाहीतर माझं नाव सांगा. दशांश कापूस विकल्यावर द्या. देव तेवढा थांबेल, किराणावाला थांबणार नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी सकाळी वही घेऊन स्वतः प्रत्येकीच्या घरी जा. पोराच्या हाती पाठवू नका, सगळ्यांचे एकीजवळ देऊन मोकळ्या होऊ नका. किलो वाचून दाखवा, पैसे हातात द्या, उशीर झाला हे तोंडानं म्हणा. बस म्हटलं तर बसा. आणि बायांना बोलावून 'प्रभूनं मला दाखवलं' अशी साक्ष मंडळीत देऊ नका, कृपा करून.

पाकिटातले पुरले नाहीत तर दोन क्विंटल गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला घाला, पडत्या भावात का होईना. तो तोटा तुमचा.