घाबरलीस कुठे, ते लिही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही परीक्षणं सावकाश वाचली. भाषा चांगली आहे, हात मोकळा आहे. पण भयपटाबद्दल लिहिताना तू 'अंगावर काटा येतो' म्हणून थांबलीस आणि अंतराळाच्या सिनेमाबद्दल 'डोकं चक्रावतं' म्हणून. एवढं तर पोस्टरवरही लिहिलेलं असतं. काटा नेमका कधी आला, तेव्हा पडद्यावर काय होतं, कानावर काय पडत होतं, त्याआधीची दोन मिनिटं दिग्दर्शकाने तुला कशात गुंतवून ठेवलं होतं, हे तुझ्याकडून वाचायचं आहे मला. परीक्षणाचं काम तिथूनच सुरू होतं.

एक प्रसंग सांगतो. १९४२ सालचा 'कॅट पीपल' मिळवून बघ. रात्रीची वेळ, बागेच्या भिंतीकडेने एक बाई एकटी चालली आहे. मागून दुसरी बाई येते आहे. दोघींच्या टाचांचा टक टक आवाज, बाकी काही नाही. पार्श्वसंगीतही नाही. थोड्या वेळाने मागचा आवाज थांबतो. पुढचीच्या लक्षात येतं, ती वळून बघते, तर रस्ता रिकामा. तिची चाल वाढते, आपला श्वास वाढतो. आणि एकदम श्वापद फिस्कारावं तसा आवाज कानावर आदळतो. आपण दचकतो. समोर काय, तर ब्रेक लावून थांबलेली बस! जनावर दिसलंच नाही. निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांच्या हाती पैसा थोडा होता, म्हणून सगळी भिस्त सावल्यांवर आणि आवाजावर. या युक्तीला सिनेमावाले अजून 'ल्यूटन बस' म्हणतात.

आजचे जंप स्केअर, म्हणजे एकदम दचकवणारे प्रसंग, सगळे याच बसचे वंशज. फरक कुठे पडतो ते पकडायला शीक. इथे दचकण्याच्या आधी टाचांचा आवाज बंद पडला होता. म्हणजे शांततेला अर्थ होता, तू त्या शांततेत काहीतरी शोधत होतीस. अर्धेअधिक भयपट हा भाग गाळतात आणि नुसता आवाज वाढवतात. कानाशी कुणी डबा आपटला तरी माणूस दचकणारच, त्यात सिनेमाचं कौतुक काय? म्हणून एखादा प्रसंग मनात राहिला की घरी तो दोनदा बघ. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. चित्राने किती केलं आणि आवाजाने किती, ते तुझं तुलाच कळेल. हेडफोन मात्र बरा घे, मोबाईलच्या स्पीकरवर भयपट बघून त्यावर लिहू नये.

दुसरी गोष्ट, भीती कशाची आहे ते विचार. हे नागपूरकराला वेगळं शिकवावं लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर येतं. सोबतचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, बघितलेस ना? कुणी महागाईचा, कुणी भ्रष्टाचाराचा. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याला हातपाय द्यायचे, गावभर मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. चांगला भयपट हेच करतो. २०१७ च्या 'लपाछपी'त उसाच्या फडातलं भूत बघताना खरी भीती भुताची नसते, मुलगी नको म्हणणाऱ्या घराची असते. तोही भर उन्हातला ऊस, अंधार फारसा नाहीच. विशाल फुरिया यांनी पुढे २०२१ मध्ये तोच सिनेमा हिंदीत 'छोरी' नावाने केला. दोन्ही लागोपाठ बघ आणि काय बदललं ते टिपून ठेव, उत्तम अभ्यास होईल. 'तुंबाड'मध्ये भीती आहे हावेची. बाप मुलाला वारशात काय देतो, तर सोन्यासाठी परत परत राक्षसाच्या गर्भगृहात उतरायची सवय. हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा थोड्यांनीच थिएटरात पाहिला. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. कमाईवरून पहिल्याच आठवड्यात सिनेमाचं मोल ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तू तर नक्कीच ठेव.

आता विज्ञानपटाकडे येतो. तुझ्या परीक्षणात तू चुका मोजल्यास. हे शक्य नाही, ते शक्य नाही. अशा याद्या कुणीही करतं आणि त्यात एक सोपा आनंद असतो. मी वेगळा प्रश्न विचारतो. सिनेमाने स्वतःसाठी कोणता नियम घातला आणि तो पाळला का? 'इंटरस्टेलर' घे. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हा नियम आधीच सांगून टाकला आहे. त्यामागे किप थॉर्न यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ उभा होता, ज्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. पण सिनेमा मोठा होतो तो नायक यानात परततो तेव्हा. बाहेर २३ वर्षं उलटून गेली आहेत. तो साठलेले निरोप लावून बसतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. शेवटी मुलगी पडद्यावर येते, बाप निघाला तेव्हा त्याचं जे वय होतं तेवढ्या वयाची. तो नुसता रडत बसतो. यातून सापेक्षतेचा सिद्धांत, म्हणजे काळ सगळीकडे सारख्या वेगाने चालत नाही हा नियम, काढून घे, त्याचं रडणंही निघून जाईल. ही माझी कसोटी आहे. विज्ञान काढल्यावर गोष्ट जशीच्या तशी उभी राहत असेल, तर यान हा नुसता सेट आहे. मग तीच गोष्ट एखाद्या वाड्यातही घडली असती, आणि तसं परीक्षणात स्पष्ट लिहायचं. जमलं तर एकदा रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात बसून ये. अंतराळावर लिहिणाऱ्याच्या मनात आकाशाचा अंदाज हवा.

मोठ्या नावांना दबू नकोस. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. त्यांना आपल्या नावाचा आधार नको होता. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तू सिनेमा बघताना दिग्दर्शकाचं नाव असंच झाकून ठेव. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्यांच्याही बाबतीत तेवढाच कडक आणि तेवढाच मोकळा हिशोब.

किळस आली म्हणून सिनेमा वाईट ठरवू नकोस, हेही सांगायला हवं. २५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत 'द थिंग' आणि 'ब्लेड रनर' लागले. दोन्ही तेव्हा पडले. 'द थिंग'ला तर बऱ्याच समीक्षकांनी रक्तामांसाचा चिखल म्हणून झोडपलं. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, लोक परग्रहावरच्या गोड पाहुण्याच्या प्रेमात होते. आज हे दोन्ही सिनेमे अभ्यासाला असतात. त्या समीक्षकांना किळस आली ही गोष्ट खरीच होती. पण ती कशासाठी आणली आहे हे फार थोड्यांनी विचारलं. 'द थिंग'मध्ये शेजारी बसलेला माणूस खरंच माणूस आहे की त्याची नक्कल, हेच कुणाला ठाऊक नाही. शरीर फाटून दिसल्याशिवाय तो संशय आपल्या अंगाला लागलाच नसता.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडे परदेशी भयपट बऱ्याचदा हिंदी डबिंगमध्ये लागतात. कुजबुज, अडखळणं, दम लागणं हे सगळं डबिंगमध्ये दुसऱ्याच माणसाचं असतं. त्यामुळे कोणती आवृत्ती पाहिलीस ते परीक्षणात लिहायचंच, नाहीतर बिचाऱ्या मूळ नटावर अन्याय होतो. सुरुवातीला पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, त्यावरची लांबी बघून ठेव. मूळ सिनेमापेक्षा काही मिनिटं कमी असतील, तर मधेच तुटल्यासारखं वाटण्याचा दोष संकलकाचा नसेलही. २०२४ पासून यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांचे वेगळे गट झाले आहेत, तरी आईबाप तुला विचारतीलच, 'पोराला नेऊ का?' त्यांना भीतीची जात सांग. रक्त आहे, की लहान मूल एकटं पडतं, की नुसते दचके आहेत. काही मुलं राक्षस बघून हसतात आणि हरवलेली आई बघून रात्रभर झोपत नाहीत.

शेवट फोडू नकोस, एवढं तुला माहीत आहेच.

लास्ट शोला थिएटर भरलेलं असेल तर मागच्या रांगेत बस. लोक कुठे हसतात ते ऐक. भयपटात लोक दोन कारणांनी हसतात, फसलेला प्रसंग बघून आणि फार घाबरल्यावर. दुसरं हसू लवकर थांबतं आणि त्यामागून कुजबुज येते. मोबाईल काढून टिपणं घेऊ नकोस, उजेडाने शेजारच्याचाही सिनेमा जातो. छोट्या वहीत अंधारातच एकेक शब्द लिही, सकाळी त्यातले निम्मे लागतात आणि तेवढे पुरतात.

ते भयपटाचं परीक्षण पुन्हा लिहून पाठव. फक्त जिन्याच्या प्रसंगावर लिहिलंस तरी चालेल, तिथे तू खरंच घाबरली होतीस हे ओळींवरून कळतं. कॅमेरा जिन्याच्या वर होता की खाली, ते आधी तपासून घे. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका