महशी, म्हशी आणि शेपूची जुडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी इजिप्तच्या महशीची कृती दिली होती. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: महशी म्हणजे अरबीत 'भरलेलं'. कोबीची किंवा द्राक्षाची पानं, वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोवळी झुकिनी यांच्यात कच्चा तांदूळ, टोमॅटो-कांदा आणि भरपूर हिरवा पाला भरायचा, पातेल्यात दाटीनं रचून मंद शिजवायचं. १९९४ ते २००० अशी सहा वर्षं आम्ही यजमानांच्या नोकरीपायी कैरोत होतो, हेलिओपोलिस भागात, ट्रामच्या रुळांवर उघडणाऱ्या खिडकीच्या घरात. तिथंच शिकले. पत्रं बरीच आली. एका ताईंच्या सासूबाईंनी शीर्षक 'म्हशी' असं वाचून पान उलटलं म्हणे. त्यांना सांगा, फार चुकलं नाही. तिथलं चांगलं तूप बहुधा म्हशीच्याच दुधाचं असतं, आणि महशीत ते सढळ हातानं पडतं.

तुमच्या कृतीनं केलं. वरचा तांदूळ कच्चा, खालचा लगदा, टोमॅटो फुटले. बासमती वापरला, भाज्या गच्च भरल्या आणि कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. कुठं चुकलं? (कोल्हापूर)

ताई, उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय! पण वाईट वाटून घेऊ नका, माझी पहिली महशी याहून वाईट होती. मी ती भरल्या वांग्यांसारखी केली. भात अर्धा शिजवून घेतला, त्यात गोडा मसाला घातला आणि बोटानं दाबदाबून भरला. समोरच्या दारातल्या बाई आल्या. कैरोत मोठ्या वयाच्या बाईला 'तांत' म्हणतात, फ्रेंचमधून येऊन राहिलेला शब्द, म्हणजे आपल्या मावशी-काकूसारखा. तर तांतनी झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण परत ठेवलं आणि मुलांची शाळा कशी चाललीय ते विचारलं. दुसऱ्या शुक्रवारी मात्र सकाळीच मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

आधी तांदूळ. इजिप्शियन तांदूळ आखूड, जाड, शिजल्यावर एकमेकांना हलकेच धरणारा. बासमती लांब होतो आणि सुटा पडतो, इथे त्याचं काही काम नाही. आपल्याकडचा आंबेमोहोर उत्तम. तुम्हा कोल्हापूरकरांना इंद्रायणी सहज मिळेल, तोही चालतो, पण तो जास्त चिकट, म्हणून पाणी थोडं कमी. तांदूळ धुऊन निथळून घ्यायचा, शिजवायचा नाही. तो भाजीच्याच रसात शिजला पाहिजे.

दोन वाट्या तांदळाला दोन मोठे कांदे बारीक चिरून तुपावर गुलाबी करा. चार पिकलेल्या टोमॅटोंचा रस घालून कडेनं तूप सुटेपर्यंत आटवा. हे आटवणं टाळलंत तर सारण पाणचट होतं आणि पाण्याचा सगळा हिशेब बिघडतो. गार झालं की त्यात तांदूळ, मीठ, मिरपूड, अर्धा चमचा जिरेपूड, चिमूटभर सुका पुदिना आणि चिरलेला पाला: शेपू, कोथिंबीर, पार्सली मिळून दोन वाट्या तरी. पाला कच्चाच घालायचा. सारण चाखून बघा, मीठ किंचित जास्त लागलं पाहिजे, कारण पुढे भाजी ते ओढून घेते.

भाजी पाऊण भरायची. तांदूळ फुगतो, त्याला जागा नाही मिळाली तर तो भाजी फोडून जागा करतो. तुमच्या टोमॅटोंचं तेच झालं.

आता पाणी. सगळी महशी इथंच बनते किंवा बिघडते. टोमॅटो-वांग्यांना स्वतःचं पाणी असतं, त्यांच्या पातेल्यात उकळता रस्सा किंवा टोमॅटोचं पाणी अर्ध्याच्या थोडं वर. कोबी कोरडा, त्याला वरच्या थराच्या जरा खालपर्यंत. तांत प्रमाण सांगत नसत. रचलेल्या महशीवर ताटली उपडी ठेवायच्या आणि तळव्यानं दाबायच्या. दाबल्यावर ताटलीच्या कडेला पाणी दिसलं आणि हात उचलताच नाहीसं झालं, की पुरे. मग मोठ्या आचेवर दहा मिनिटं, वरचं पाणी आटलेलं दिसलं की घट्ट झाकण लावून अगदी मंद आचेवर तीस ते चाळीस मिनिटं. ताटली तशीच राहू द्या, ती उकळीत भाज्या हलू देत नाही. गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

कुकर नको. जाड बुडाचं पातेलं नसेल तर कुकरचंच भांडं घ्या, पण वर साधं झाकण, शिटी नाही.

कोबीची पानं गड्ड्यापासून सोडवताना फाटतात. (डोंबिवली)

फाटणारच. महशीचा तिथला कोबी थोराड आणि सैल पानांचा असतो, आपला गड्डा आवळलेला. भाजीवाल्याकडे गच्च, चकचकीत गड्डा निवडू नका. हाताला हलका लागणारा, जरा पसरट घ्या. देठाकडचा कठीण भाग सुरीनं शंकूसारखा कापून काढा आणि अख्खा गड्डा मीठ-जिरं घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडा. बाहेरचं पान सैल झालं की चिमट्यानं काढा, मग पुढचं. पान वाकलं पाहिजे, शिजलेलं नको. दुसरा उपाय, रात्रभर गड्डा फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढायचा. बर्फ सुटला की पानं मऊ पडलेली असतात.

मधली जाड शीर कापून काढा, पण टाकू नका. त्या शिरा पातेल्याच्या तळाशी अंथरायच्या, म्हणजे करपलं तर त्या करपतील. पानाचे तळहाताएवढे तुकडे करा, कडेला करंगळीएवढं सारण ठेवा, गुंडाळा. बाजू दुमडायची गरज नाही. जाडी बोटाएवढी. माझ्या पहिल्या गुंडाळ्या अंगठ्यापेक्षा जाड होत्या. तांतच्या सुनेनं त्या पाहिल्या आणि अगदी प्रेमानं विचारलं, "घाईत होतीस का?"

झुकिनी कोरता येत नाही, आणि गर वाया जातो. (पुणे)

कैरोत हा प्रश्नच येत नसे. फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या गावाकडच्या बायका कोसा, म्हणजे तिथली फिकट, ठेंगणी झुकिनी, कोरूनच विकायच्या. आपण सफरचंद कोरायची नळी किंवा सोलाण्याचं टोक वापरावं. फिरवत फिरवत जा, तळाला अर्धा इंच सोडा. झुकिनी नसेल तर बोटभर लांबीचा कोवळा दुधी घ्या. वांगी लांबट हवीत, आपली भरायची काटेरी नकोत. गर कांद्यावर परतून ऑम्लेटमध्ये घाला.

आमची द्राक्षबाग आहे. त्याची पानं वापरू का? (नाशिक)

बागेची नको. ऑक्टोबर छाटणीनंतर जी लुसलुशीत पानं येतात तीच महशीला हवी असतात, आणि नेमकी त्याच दिवसांत डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणी चालू असते. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. परसात एखादा वेल वेगळा लावा आणि त्याच्यावर काहीही मारू नका. शेंड्याकडून तिसरं-चौथं पान घ्या, देठ खुडा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा. गुळगुळीत बाजू खाली, शिरांची बाजू वर, तिच्यावर सारण. द्राक्षपानांच्या महशीला शेवटी लिंबाचा रस हवा. माझं मत विचाराल तर सगळ्यांत सुंदर महशी हीच, पण वेळखाऊ. शंभर गुंडाळ्या करायच्या तर दोघी तरी पाहिजेत, आणि गप्पांना विषय.

आम्ही पूर्ण शाकाहारी. मांसाच्या रश्शाशिवाय खरी महशी होते का? (सांगली)

होते. घरात बदक किंवा कोंबडी शिजत असेल तर तिचा रस्सा महशीत जातो हे खरं, पण सारणात बहुतेक घरी खिमा नसतोच. आणि आमच्या तांत कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या पंथाच्या ख्रिश्चन होत्या. त्यांचे उपवास वर्षातून दोनशेहून जास्त दिवस, आणि उपवासाला मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. त्या दिवसांतली महशी 'सियामी', म्हणजे उपवासाची: तुपाऐवजी तेल, रश्शाऐवजी टोमॅटोचं पाणी. आपल्या उपवासाला भात चालत नाही हे कळल्यावर तांतना माझी फार दया आली होती.

हा पदार्थ फॅरोंच्या काळापासूनचा आहे का? (ठाणे)

द्राक्षवेल तेवढा जुना. लक्सरच्या थडग्यांत द्राक्षतोडणीची रंगीत चित्रं मी पाहिली आहेत. पण टोमॅटो, मिरची, झुकिनी ही अमेरिकेची पिकं, कोलंबसाच्या आधी तिथं असणं शक्य नाही. वांगं तर आपल्याकडून गेलेलं. संस्कृत 'वातिंगण' फारसीतून अरबीत गेलं, आणि कैरोतली भाजीवाली त्याला 'बितिंगान' म्हणते.

शेपू घरात कुणाला आवडत नाही. वगळला तर? (अमरावती)

पार्सली नाही मिळाली तर कोथिंबीर वाढवा, पुदिना नसला तरी चालेल. शेपू मात्र वगळू नका. तिथला भाजीवाला महशीसाठी म्हटलं की तिन्ही पाल्यांची जुडी एकत्र बांधून देतो, आणि उघडल्यावर घरभर वास शेपूचाच सुटतो. आमच्याकडे यजमानांनी लग्नानंतर पंधरा वर्षं शेपूला हात लावला नव्हता. कैरोत तांतच्या घरी त्यांनी कोबीच्या अठरा गुंडाळ्या खाल्ल्या, लोणच्याच्या सलगमासकट, आणि घरी येऊन विचारलं, आत ती बडीशेपेसारखी काय होती? मी म्हटलं, बडीशेपच.

अजून त्यांना सांगितलेलं नाही. हा अंक ते वाचतात, बघू.