डॉक्टरांच्या बाजूने वकिली: पोट भरेल का आणि मन धजावेल का

बीएएमएस करून एलएलबी केलंस, आता फक्त मेडिकल निग्लिजन्सच्या, म्हणजे उपचारातल्या हलगर्जीपणाच्या, केसेसमध्ये डॉक्टरांच्या बाजूने उभं राहायचं म्हणतेस. पोट भरेल का आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यासमोर उभं राहायला मन धजावेल का, हे तुझे दोन प्रश्न. मी पुण्यात हेच काम करते, वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीतच लिहिते.

कायदा शिकायला फार वेळ लागत नाही गं. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले ही आपल्या पुण्याचीच केस आधी वाच. 1953 मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, पुरेशी भूल न देता हाड बसवलं आणि तो शॉकने गेला. वडिलांना मिळालेला 3000 रुपयांचा हुकूमनामा सुप्रीम कोर्टात कायम व्हायला 1968 उजाडलं. डॉक्टरकडून वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी अपेक्षित, ही त्यातली कसोटी आजही रोज वापरतो. मग 1995 ची शांता केस, तिच्यामुळे पैसे घेऊन केलेली ट्रीटमेंट ग्राहक कायद्याखाली आली आणि खरं तर तिथूनच आमचं काम वाढलं. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा कधी लागतो त्यासाठी 2005 ची जेकब मॅथ्यू केस, कन्सेंटसाठी म्हणजे पेशंटच्या संमतीसाठी 2008 ची समीरा कोहली. एवढं नीट वाचलंस तरी बोलायला पाया तयार होतो.

वेळ लागतो तो केस पेपर वाचायला. एक उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील गाळून. बाळंतपणानंतर ब्लीडिंग होऊन पेशंट गेली आणि तक्रार अशी की डॉक्टर दोन तास फिरकलेच नाहीत. डॉक्टरांची स्वतःची नोट एका ओळीची, तीही सगळं उरकल्यावर लिहिलेली, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार. पण सिस्टरने दर पंधरा मिनिटांनी बीपी लिहिलं होतं, रक्तपेढीच्या पावतीवर बॅग दिल्याची वेळ होती, ओटी रजिस्टर होतं आणि भूलतज्ज्ञांचा चार्ट होता. हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून वेळेच्या क्रमाने सगळी रात्र लिहून काढली, तेव्हा दिसलं की डॉक्टर मॅडम पहिल्या वीस मिनिटांतच आल्या होत्या आणि पुढची प्रत्येक पायरी घेतली होती. तक्रार फेटाळली गेली. आपली सगळी कला म्हणशील तर ती ह्या क्रम लावण्यात आहे, युक्तिवाद नंतर.

त्या बाईंचा नवरा युक्तिवादाच्या दिवशी मागे बसून ऐकत होता, आणि त्या रात्री नक्की काय काय झालं हे त्याला बहुतेक त्या दिवशीच पहिल्यांदा सलग ऐकायला मिळालं, कारण हॉस्पिटलमध्ये त्याच्यासमोर आधी बिल आलं, बसून सांगायला कोणीच आलं नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं इथेच आहे. आपण नातेवाईकांच्या विरुद्ध नसतो, जे झालं ते नीट मांडायला उभे असतो. उलटतपासणीत त्यांना रडवून केस जिंकता येत नाही आणि तसा प्रयत्न करणाऱ्या वकिलाचा मला मनापासून राग येतो.

आणि चूक झालेली असेल तर? असतेच कधी कधी. तेव्हा डॉक्टरला पहिल्याच मीटिंगमध्ये दार लावून स्पष्ट सांगायचं की ही केस लढण्यासारखी नाही, तडजोडीचं बघू. फक्त इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे अशा भरपाईसाठी डॉक्टरने काढलेला विमा, असेल तर विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही की रक्कम ठरवायची नाही, नाहीतर कंपनी हात वर करते. ह्या कामात सगळ्यात अवघड भाग हाच, समोरचा मोठा सर्जन असतो, त्याला तोंडावर नाही म्हणून सांगायची सवय कोणाला नसते. "मॅडम, केस पेपरवर 'रिस्क एक्सप्लेन्ड', धोका समजावला, एवढी एक ओळ आता टाकली तर?" हे तर हमखास ऐकशील. तिथे आवाज चढवावा लागला तरी चढव. कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे असा नियम आहे, नातेवाईकांकडे झेरॉक्स आधीच पोचलेली असते, आणि नंतर घुसवलेल्या एका ओळीपायी चांगली केससुद्धा बुडते.

दुसरं म्हणजे मुदत. ग्राहक आयोगाची नोटीस मिळाल्यापासून लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर वर 15, त्यापुढे एक दिवसही नाही, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने पक्कं केलंय. डॉक्टर नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतात आणि चाळिसाव्या दिवशी फोन करतात. फोन आला की आधी नोटीस कधी मिळाली ते विचार, मग रात्री ड्युटीवर कोण होतं आणि त्याची डिग्री काय ते विचार. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व तुला सांगायला नको, छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री बीएएमएस-बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीवालेच असतात, आणि 1996 च्या पूनम वर्मा केसमध्ये ॲलोपॅथीची औषधं दिली म्हणून मुंबईच्या एका होमिओपॅथवर जबाबदारी आली होती.

तुझ्या डिग्रीचा चार्ट वाचायला फायदा होईलच, पण स्वतः तज्ज्ञ होऊन बोलू नकोस, त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरचं मत शपथपत्रावर घे.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीची काही वर्षं ओढाताण होते. विमा कंपन्यांच्या वकील-पॅनेलची फी बेताची आणि उशिरा येते, हॉस्पिटलं ओळखीशिवाय कागद देत नाहीत. मग हळूहळू कन्सेंट फॉर्म तपासून देणं, नोटिशीला उत्तरं, आयएमए ह्या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखांमध्ये लेक्चर, त्यातून नाव होतं आणि नंतर चांगलं चालतं. दुसरी कामं लगेच सोडू नकोस. आणि माझं ऐकशील तर पहिलं वर्ष तक्रारदारांच्या केसेस चालवणाऱ्या एखाद्या सीनियरकडे काढ. नातेवाईक फाईल घेऊन येतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात ते तिथेच कळतं, आमच्याकडे ते कधीच पोचत नाही. पुण्यात असशील तर मेसेज कर, दोन नावं सुचवते.