खापरपणजोबांची कबर शोधायची म्हणतेस ना, मग आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला आणि आजीचा व्हॉइस मेसेज तर चारदा ऐकला. इतकी वर्षं इस्रायलमध्ये अश्दोदला काढली तरी बाईचं मराठी अजून आपल्या अलिबागचंच, "तेवढी माज्या आज्याची कबर बघून ये गो" म्हणताना आवाज जरा हलला तिचा. शोधायची तर आहेच. पण तू पुढच्याच शनिवारी गवत कापायचं मशीन भाड्याने घेऊन येतेस म्हणालीस, ते आधी कॅन्सल कर. शनिवारी कबरस्तानात गेलीस हे आजीला कळलं तर ती तिकडून ओरडेल, शब्बाथ आहे तो, तुमचा विश्रांतीचा पवित्र दिवस. आणि आत्ता भर पावसाळ्यात तिथे रान माणसाच्या डोक्याच्या वर असतं, घाणेरी, रानमोडी, मधूनच खाजकुइली, आणि खाली जांभ्याच्या दगडाआड फुरसं, विषारी साप. चिमुकलं असतं, मातीच्या रंगाचं, पाय पडल्याशिवाय कळत नाही. मशीन तर नकोच नको, त्याचं पातं दगडाला लागलं की कोपरा गेलाच समज.

मी आयुष्यभर भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होतो, साखळी ओढत गावं मोजली, त्यात अशी कबरस्तानं बरीच बघितली. तुम्हा बेने इस्रायल लोकांतलं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतलं, मला जे थोडंफार कळतं ते आमच्या शेजारच्या बेने इस्रायली आजोबांनी शिकवलेलं, ते हिब्रू वाचायचे आणि मी टेप धरायचो. तेव्हा माझ्या सांगण्यात धर्माचं कमी आणि जमिनीचं जास्त येणार, चालवून घे.

पहिली गोष्ट, आडनावाचं गाव म्हणजे पुरलेलं गाव नव्हे, आणि इथेच सगळे फसतात. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर ही आडनावं गावांवरून आली हे खरं, पण आडनाव घेतलं तेव्हाच कित्येक घरं त्या गावातून उठलेली होती. कोणी तेलाचा घाणा घेऊन चार कोस लांब गेला, कोणी मुंबईत सुतारकीला गेला, आणि तुमच्यातले कितीतरी जण कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते, ते पुण्यात किंवा कराचीत वारले असतील तर इकडे कोकणात काय सापडणार? म्हणून दगड शोधायच्या आधी माणूस शेवटी कुठे राहत होता ते शोध. आजीला एकच प्रश्न विचारू नकोस की कबर कुठे आहे, ते तिला माहीत नाहीच. तिला विचार की सुट्टीत कुठल्या घरी जायचात, बंदर कुठलं, होडीतून उतरून किती चालायला लागायचं, मलिद्याचा विधी कोणाच्या ओटीवर व्हायचा, शेजारी कोण होते. शेजाऱ्यांची नावं तर नक्की लिहून घे, ती घरं अजून तिथे असतात, तुमची माणसं 1948 नंतर इस्रायलला गेली पण आगरी कोळी माळी कुठे गेलेत, ते तिथेच आहेत.

आणि गावात आलीस की "ज्यू सिमेट्री कुठे" असं विचारलंस तर पोरं तुला गुगल मॅप दाखवतील आणि म्हातारी माणसं मान हलवतील. पारावरच्या म्हाताऱ्याला विचार, "शनवार तेल्यांची कबरं कुठशी?" शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली, हे नाव जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहे. कोणी इस्रायल लोकांचं कबरस्तान म्हणेल. मशीद म्हणाले तरी गडबडू नकोस, तुमच्या सिनेगॉगलाही, म्हणजे प्रार्थनाघरालाही, जुनी माणसं मशीदच म्हणायची. मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली बांधलं ते पहिलं सिनेगॉग, त्याला जुनी मशीद म्हणतात की अजून.

मग कागद. तलाठ्याकडे आणि आमच्या जुन्या ऑफिसात गावनकाशा मिळतो, त्यात कबरस्तान दाखवलेलं असू शकतं, आणि सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग ब बघ, दफनाची नाहीतर दहनाची जागा त्यात धरतात. नकाशावर हद्द कळली की निम्मं काम झालं, कारण रानात उभं राहिल्यावर कबरस्तान कुठे संपतं आणि शेजाऱ्याची वाडी कुठे सुरू होते हे डोळ्याला कळत नाही, आणि वाडीवाल्याला न विचारता घुसलीस तर भांडण ठरलेलं. दुसरं म्हणजे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद. जुनं असेल तर मोडी लिपीत असतं, मोडी वाचणारा माणूस बरोबर ने, ने म्हणजे नेच, फोटो काढून नंतर बघू म्हणालीस तर नेमकं ते पान धूसर येतं. जातीच्या रकान्यात इस्राएल, बेने इस्रायल, तेली, जे दिसेल त्यावर थांबून नाव वाच. सिनेगॉगमध्ये दफनाचं रजिस्टर ठेवलेलं असेल तर तेही विचार. अलिबागचं सिनेगॉग 1848 चं आहे, रेवदंड्याचं त्याच्याही आधीचं, 1842 चं. चावी ज्यांच्याकडे असते त्यांना दोन दिवस आधी फोन कर, म्हातारी माणसं आहेत ती, दारात जाऊन उभी राहू नकोस.

आता नाव. घरात तुम्ही हसाजी म्हणता, दगडावर हिब्रूत यहेज्केल असणार. समाजी म्हणजे शमुएल, इसाजी म्हणजे इस्हाक, आबाजी म्हणजे अब्राहाम. म्हणजे आजी ज्याला हसाजी समाजी म्हणते तो दगडावर "यहेज्केल बेन शमुएल", म्हणजे शमुएलचा मुलगा यहेज्केल, असा झोपलेला आहे, आणि आडनाव कदाचित कुठेच नाही. खाली मराठीत ओळ असली तर नशीब. आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाच कबरस्तानात दोन दोन यहेज्केल बेन शमुएल निघतात. एकदा मी एका कुटुंबाला चुकीच्या कबरीपुढे उभं केलंय, त्यांनी प्रार्थना म्हटली, रडले, फोटो काढले, आणि निघताना आमच्या त्या शेजारच्या आजोबांनी तारीख वाचली तर तो माणूस त्यांच्या पणज्याच्या जन्माआधीच गेलेला! नावावर विश्वास ठेवू नकोस, वर्ष काढ.

वर्ष असं काढतात. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात आणि वाचायचं उजवीकडून. समज दगडावर ताव, रेश, नून, "हे" अशी चार अक्षरं दिसली. ताव 400, रेश 200, नून 50, हे 5, झाले 655. वरचे पाच हजार बहुतेक लिहीतच नाहीत, पूर्ण वर्ष 5655. 655 मध्ये 1240 मिळव, 1895. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून माणूस दिवाळीच्या सुमारास गेला असेल तर 1894 धर. शेजारी मराठीत शके 1817 असेल तर 78 मिळव, 1895, जुळलं. दोन्ही जुळले तरच वहीत पक्कं लिही, नाहीतर पेन्सिलीने. आणि झिजलेल्या दगडावर "हे" आणि "खेत" ही अक्षरं सारखीच दिसतात, "हे"च्या डाव्या पायाला वर फट असते, खेतला नसते. हे पाच, खेत आठ. एवढ्याशा फटीवर तीन वर्षं इकडची तिकडे होतात म्हणून तिथे बोट फिरवून बघ, डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतं.

दगड घासायचा नाही. हे मी तुला हात जोडून सांगतो कारण मीच केलंय ते. नोकरीत होतो, उत्साह फार, एका कबरीवर शेवाळ होतं आणि मी तारेचा ब्रश घेतला. दगड मऊ होता, तिसरी ओळ पिठासारखी खाली आली, हातात आली अक्षरशः. आजोबा बाजूला उभे होते, टोपी सारखी केली आणि एवढंच म्हणाले, "जाऊ दे, देवाला पाठ आहे." त्यानंतर मी तारेचा ब्रश घरात ठेवला नाही. खडू नको, चुना नको, ॲसिड तर बिलकुल नको. साधं पाणी आणि जुना दाढीचा ब्रश, बास. सकाळी लवकर जायचं, ऊन तिरपं असताना, किंवा कोणीतरी आरसा धरून बाजूने उजेड पाडायचा, मग अक्षरं सावलीतून वर येतात, दुपारी बारा वाजता तोच दगड कोरा दिसतो. फोटो समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक, आणि एक लांबून, शेजारची झाडं येतील असा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच कबर परत शोधत बसशील.

नाही सापडली तर? होऊ शकतं गं, आत्ताच मनाची तयारी ठेव. जुन्या कितीतरी कबरी नुसत्या जांभ्याच्या, त्याच्यावर कधी काही लिहिलेलंच नव्हतं. नवगावला जा एकदा, तुमच्या पूर्वजांचं जहाज फुटून सात पुरुष सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथे पुरलं असं तुमच्यात सांगतात, तिथे एकाचंही नाव नाही, तरी लोक इस्रायलहून येऊन उभे राहतातच. आजीला समाधान वाटावं म्हणून कुठल्यातरी दगडाचा फोटो पाठवू नकोस मात्र. ती ओळखेल असं नाही, पण त्या दगडाखालच्या माणसालाही शोधणारी कोणीतरी आजी असेल. कबरस्तान सापडलं एवढं सांग, गेटचा फोटो पाठव, समुद्राचा आवाज रेकॉर्ड करून पाठव.

दिवाळी झाली, गवत वाळलं की फोन कर. रविवारी ये, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकड, मांडव्याला मी गाडी घेऊन उभा असेन. फुल पँट, बूट, आणि फुलं आणू नकोस, कबरीवर ठेवायला एक लहानसा गोटा पुरे, तो इथेच मिळेल. कोयता आणि काठी माझ्याकडे आहे. तू फक्त पाण्याचे दोन कॅन आण, पाच पाच लिटरचे, तिकडे विहीर आहे पण तिचा रहाट कधीचा मोडलाय, आणि कबरस्तानातून निघताना हात धुवायला पाणी लागतंच.

तुझा,
काका