सेटअप सोडू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, ‘सर म्हणतात रात्रीच्या टेस्ट मुलं करतील, तू संगणकावरचं सिम्युलेशन आणि पेपरचं लिखाण बघ. सोयीचंच आहे ना?’ सोयीचं आहेच गं. तीच तर मेख आहे. तुझे सर वाईट नाहीत. माझेही नव्हते.

मी हाय व्होल्टेज लॅब सोडली ती ‘दोन वर्षांसाठी’. मुलगा लहान, समन्वयकाचं पद चालून आलेलं. दोनाची अकरा वर्षं झाली. मधल्या काळात माझ्या मोजमापांवरचा पेपर एका सहकाऱ्यानं परिषदेत वाचला. माझं नाव आभारांत, स्टोअरकीपरच्या खाली. परत आले तेव्हा विद्युत लहरी दाखवणारे ऑसिलोस्कोप डिजिटल झाले होते आणि ट्रिगर कसा लावायचा ते मला कालच्या पोरानं दाखवलं. तो सौजन्यानं दाखवत होता, म्हणून जास्त लागलं.

सेटअप सोडू नकोस. चाचणीच्या मांडणीवरचा हात सोडू नकोस.

तुझ्या सॅम्पलमध्ये पार्शल डिस्चार्ज, म्हणजे बारीकसं अपुरं विद्युत विसर्जन, दिसतोय आणि सिम्युलेशन म्हणतं दिसू नये. यावर खुर्चीत बसून काय ठरवणार? आम्ही तीन आठवडे एका चांगल्या इन्सुलेशनला सदोष म्हणत होतो. शेवटी एका रात्री दिवे मालवून सुरक्षेच्या जाळीबाहेर उभी राहिले. डोळे सरावले तसा एका वॉशरच्या कडेला जांभळा ठिपका दिसला, बारीक सूंऽ आवाज येत होता. कंगोरा राहिला होता, केसाएवढा. कानशीनं घासला आणि स्क्रीन साफ! स्क्रीनवरच्या आकृतीत व्होल्टेजच्या ऋण अर्धचक्राच्या शिखरापाशी पल्स दाटत होते, ही टोकदार कडेचीच खूण, म्हणजे आकृतीतही ते होतंच. पण आकृती वाचायची अक्कल मला त्या जांभळ्या ठिपक्यानं दिली.

हर्था एअर्टन या ब्रिटिश अभियंतीनंही आवाजाचाच माग काढला होता. दोन कार्बन कांड्यांमधल्या विजेच्या झोतावर जळणारे आर्क दिवे फुत्कारायचे, प्रकाश थरथरायचा. कार्बनच्या टोकाचा खळगा फार मोठा झाला की हवा आत शिरते आणि ऑक्सिजन तापल्या कार्बनला भिडतो, हे तिनं दाखवलं. १८९९ मध्ये लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत तिनं तो पेपर स्वतः वाचला आणि तिथली पहिली स्त्री सदस्य झाली. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत मात्र तिचा पेपर जॉन पेरींना वाचावा लागला, बाईला परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी फेलोशिप नाकारली, कारण ती विवाहित! १९०६ मध्ये त्याच सोसायटीनं ह्यूज पदक दिलं. वाचणारा दुसरा होता, पण आर्कसमोर बसलेली तीच होती. माझ्या पेपरचं आणि हिच्या पेपरचं दुःख एक नाही, हे कळतं मला. तिनं आर्क सोडला नव्हता.

आणि आपल्याकडच्या राजेश्वरी चॅटर्जी. अमेरिकेत एम.एस. केल्यावर वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रेडिओ फ्रिक्वेन्सीची मोजमापं शिकल्या, मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) मायक्रोवेव्ह आणि अँटेनावर आयुष्य काढलं. आधी मोजायला शिकल्या, लक्षात घे.

तुझ्या आईला माझा राग येईल. येऊ दे. मुलाच्या दहावीच्या वर्षी मी रोज नऊला घरी यायचे, नातेवाईक अजून ऐकवतात. एक्क्याऐंशी टक्के पडले त्याला. घरी बसले असते तर पंच्याऐंशी पडले असते का? पडलेही असते. मी तरी तेच करीन. सिम्युलेशन शिक, छानच आहे. पण त्याच्या बदल्यात सेटअप देऊ नकोस.

सरांना सांग, शनिवारची रात्र माझी. एकटी मात्र नाही हं, जाळीपाशी दुसरं माणूस हवंच. टेस्ट संपली की आत शिरण्याआधी जमिनीला जोडलेला अर्थिंग रॉड टेकव आणि कपॅसिटरवर तसाच लटकत राहू दे, एकदा टेकवून काढू नकोस. कपॅसिटर पुन्हा भरतो. आणि पॅसेजमधली ट्यूब बंद करायला विसरू नकोस, तिचा चोक स्क्रीनवर फार लुडबुड करतो.

तुझी,
मावशी